डावीकडचं चित्र उशिरा येतं

आरसेमामांना खऱ्या नावाने हाक मारणारं डेपोत कोणी उरलं नव्हतं. ते नाव पगाराच्या कागदावर तेवढं शिल्लक होतं. बाकी साहेबांपासून बस धुणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे ते आरसेमामा. नव्या ड्रायव्हरला तयार करायचं काम त्यांच्याकडे असायचं आणि पहिल्या दिवशी ते एकच धडा द्यायचे. "बस डोळ्यांनी चालवत नाहीत, मानेने चालवतात. डावा आरसा, उजवा आरसा, रस्ता. पुन्हा डावा, उजवा, रस्ता. झोपेतसुद्धा मान अशीच फिरली पाहिजे." शिकाऊ ड्रायव्हर आधी तोंडावर हात ठेवून हसायचे, मग महिनाभर मान चोळत फिरायचे आणि पुढे जन्मभर तसंच चालवायचे. मामांच्या बायकोचं तर म्हणणं होतं की हा माणूस झोपेत खरोखरच मान फिरवतो, उशीची खोळ दर दोन महिन्यांनी विरते ती काय उगाच?

एकोणतीस वर्षं बस चालवून मामांच्या नावावर एकही अपघात नव्हता. गेल्या वर्षभरात डेपोच्या फाटकाच्या खांबाला बसची डावी बाजू दोनदा घासली होती, पण तो खांबच कोणीतरी पुढे सरकवलाय, असं मामांचं ठाम मत होतं. आणि मध्यंतरी एक सायकलवाला डावीकडून असा काही उगवला की मामांना करकचून ब्रेक मारावा लागला. खाली उतरून त्यांनी त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. तो बिचारा "अहो, मी केव्हापासून शेजारीच चालतोय" म्हणत राहिला. मामा कसले ऐकतायत!

निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती आणि मामांना जगात एकाच गोष्टीची धास्ती होती. हातातून स्टेअरिंग सुटण्याची. डेपोच्या फाटकासमोर एक सिमेंटचं बाक होतं. निवृत्त झालेले चार-पाच ड्रायव्हर सकाळ-संध्याकाळ तिथे येऊन बसत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बसला नावं ठेवत. कोणाचा क्लच कसा, कोणाचं वळण कसं. मामा त्यांना हात करत, पण थांबत मात्र नसत. त्या बाकावर आपण बसलेलो आहोत असं नुसतं मनात आलं तरी त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जायचा.

यावर तोड काढली ती लेकीने. ती दूरच्या शहरात पुलांची मोजमापं करणाऱ्या कंपनीत कामाला होती. तिने तिचा जुना कॉम्प्युटर बापाकडे पाठवून दिला, सोबत टेबलाला चिमट्याने बसणारं स्टेअरिंग आणि पायाखाली ठेवायचे तीन पेडल. बस चालवायचा गेम. मामा आधी म्हणाले, "मी दिवसभर खरी चालवतो, खोटी कशाला चालवू?" दुसऱ्या रविवारी ते त्यात असे रमले की चहा गार झालेला कळला नाही. दर रविवारी दुपारी चार वाजता बाप आणि लेक आपापल्या घरून एकाच रस्त्याला लागत. तिची बस पुढे, यांची मागे, कानाला हेडफोन. एरवी फोनवर दोघांचं बोलणं म्हणजे, "जेवलीस का?" "जेवले." "बरं, आईला देतो." पण डोळे रस्त्यावर असले की जीभ सैल सुटते. तिच्या साहेबाचा चक्रमपणा, भाड्याच्या घरातला गळका नळ, तिला आवडलेला आणि अजून आईला न सांगितलेला एक मुलगा, हे सगळं मामांना त्या खोट्या रस्त्यावर कळलं. निवृत्तीनंतरही हे स्टेअरिंग आपल्याकडून कोणी काढून घेणार नाही, या विचाराने त्यांना शांत झोप लागू लागली. मान फिरवत का होईना.

हा कॉम्प्युटर जोडलेला होता बाहेरच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला. आणि एका रविवारी त्या टीव्हीवर उभे हिरवे पट्टे आले, ते काही केल्या जाईनात. झालं! घरात महायुद्ध सुरू झालं.

मामांची बायको त्याच बाहेरच्या खोलीत कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायची. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर बदलणं. नजर सुईसारखी आणि जीभही तशीच. तिने एका गिऱ्हाइकाच्या घरी ओएलईडी टीव्ही पाहिला होता आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. "त्यात काळं म्हणजे काळं दिसतं हो. आपल्या टीव्हीत काळं म्हणजे दहा वेळा धुतलेलं राखाडी. माझ्याकडे काळ्या दोऱ्याच्या सात रिळी आहेत आणि सातही वेगळ्या आहेत. मला काळं कळतं."

मामांना हवा होता अल्ट्रावाइड मॉनिटर. नेहमीच्या पडद्यापेक्षा भरपूर रुंद आणि दोन्ही टोकांना आत वळलेला. लेकीकडे तसाच होता. "बाबा, त्यावर पूर्ण केबिन दिसते," तिने सांगितलं होतं. "डावा आरसा, उजवा आरसा आणि मधली काच, सगळं एकदम." हे ऐकल्यावर आरसेमामांना दुसरं काय सुचणार? तुम्हीच सांगा.

दोघं दुकानात गेले. गळ्यात टाय आणि चेहऱ्यावर अपार सहनशीलता असलेल्या विक्रेत्याने त्यांना आधी टीव्हीसमोरच्या कोचावर बसवलं. "यात मागून दिवा नसतो. प्रत्येक ठिपका आपापला पेटतो. काळं दाखवायचं असलं की ठिपका विझतो." पडद्यावर रात्रीचं आकाश होतं आणि ते खरोखरच डोळ्यांत भरत होतं. मामांनाही ते मनातून आवडलं, पण कबूल कोण करणार!

"यात वाईट काय आहे?" त्यांनी विचारलं.

विक्रेता जरा चुळबुळला. "तसं काही नाही. पण एकच चित्र महिनोन्‌महिने एका जागी राहिलं तर त्याचा डाग राहू शकतो."

"बघ!" मामांनी मांडीवर थाप मारली. "माझा डॅशबोर्ड एका जागीच असतो. तो उमटणार तुझ्या मालिकेतल्या नायिकेच्या तोंडावर. ती रडायला लागली की हनुवटीवर डिझेलचा काटा दिसेल."

"दिसू दे. तिचं काय चाललंय ते निदान कळेल," बायको म्हणाली.

मग मामा मॉनिटरसमोर बसले. रुंद, वळलेला, अगदी बसच्या पुढच्या काचेसारखा. तिथे कोणतातरी विमानाचा गेम लावलेला होता, आरसेबिरसे काही नव्हते, पण मामांनी हवेत हात धरून दोन वळणं घेतली आणि त्यांचा निर्णय झाला. बायकोने वाद घातला, हिशोब घातला, शेवटी अबोला धरला. मामांनी "टीव्ही पुढच्या वर्षी, शप्पथ" असं म्हणून वेळ मारून नेली. मॉनिटर घरी आला आणि आतल्या खोलीत टेबलावर बसला. स्टेअरिंग त्याच टेबलाला अडकवलेलं, त्यामुळे पडदा मामांच्या नाकापासून हातभर लांब. बायको तीन दिवस तोंड फुगवून होती, पण चौथ्या दिवशी तिने मॉनिटरला धूळ लागू नये म्हणून झगा शिवला.

पहिल्याच रविवारी धडाम असा आवाज झाला आणि हेडफोनमध्ये लेक किंचाळली.

"बाबा! तू मला ठोकलंस!"

"मी? तू कुठून आलीस मध्येच?"

"मध्येच काय? दोन मिनिटं तुझ्या डाव्या हाताला चालतेय मी."

मामांनी डावीकडे पाहिलं. लेकीची बस तिथे आडवी पडली होती. आता दिसत होती ती स्वच्छ. "डावीकडचं चित्र उशिरा येतंय," मामा म्हणाले. "वायर ढिली असणार."

वायर बदलली. पुढच्या रविवारी मामांनी लेकीला दोनदा ठोकलं आणि एका टँकरला एकदा. त्याच्या पुढच्या रविवारी लेक हसली नाही. "बाबा, जुन्या टीव्हीवर तू मला कधीच ठोकलं नाहीस," एवढंच म्हणाली. मामांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला. म्हणजे दोष मॉनिटरचाच! त्यांनी बायकोला बोलावून पडद्यासमोर बसवलं. ती म्हणाली, "मला तर सगळं वेळेवर दिसतंय." "तुला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून मामांनी तिला उठवलं आणि खोकं बांधलं.

दुकानाने मॉनिटर बदलून दिला. नवाही तसाच. मग मात्र मामांचं डोकं फिरलं. काउंटरवर हात आपटून त्यांनी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हा सगळा मालच सदोष आहे. डावीकडचं चित्र उशिरा येतं. मी ड्रायव्हर आहे, मला शिकवू नका." विक्रेत्याच्या सहनशीलतेलाही शेवट होता. त्याने तक्रारीचा कागद पुढे केला, मामांनी त्यावर तेच वाक्य लिहिलं आणि दुकानाने टेक्निशियन घरी पाठवायचं कबूल केलं.

टेक्निशियन म्हणून आली ती तिशीतली एक बाई. पाठीला बॅग, बोलणं मोजून मापून. तिने पडदा आधी नुसता लाल केला, मग हिरवा, निळा, पांढरा. नाकाने पुसल्यासारखी कोपरान्‌कोपरा बघत गेली. कुठेही डाग नाही, मेलेला ठिपका नाही. मग एक रेघ डावीकडून उजवीकडे पळवली आणि तिचं मोबाइलवर अगदी संथ चित्रीकरण केलं. दोन्ही कडांना रेघ जेव्हाची तेव्हा.

"काका, उशीर कुठेच नाही," ती म्हणाली.

"मग मला का उशिरा दिसतं?"

तिने मामांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा मामांकडे. मग पडद्याच्या मधोमध एक फुली काढली. "काका, फुलीकडे बघत राहा. कडेने एक पांढरा ठिपका आत येईल. दिसला की हॉर्न दाबा."

मामा सरसावून बसले. ठिपका निघाला न निघाला तोच हॉर्न वाजला.

"मान हलवली तुम्ही."

"छे, कुठे?"

"हलवलीत, काका."

पुन्हा ठिपका, पुन्हा हॉर्न. "हलवली," टेक्निशियन म्हणाली. "अहो, हलतेय की," दारातून बायको म्हणाली. मामांना पटेना. एकोणतीस वर्षांची सवय, ती मालकाला विचारून थोडीच चालते? शेवटी बायको पुढे आली. गळ्यात मोजपट्टी तशीच, तिने मामांचं डोकं मागून दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "आता सोडा तुमचा ठिपका."

मामा फुलीकडे बघत राहिले. बराच वेळ गेला.

"सोडा की," मामा म्हणाले.

डोक्यावरची पकड आणखी घट्ट झाली. एकदम फुलीच्या अगदी शेजारी पांढरा ठिपका दिसला आणि मामांनी हॉर्न दाबला.

"अर्ध्याहून जास्त पडदा ओलांडून आलाय तो," बायको म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. तिने डोकं सोडलं नाही.

टेक्निशियनने आणखी चार वेळा तेच केलं. उजवीकडून ठिपका जरा लवकर दिसे, डावीकडून शेवटच्या क्षणी. मग तिने मॉनिटर बंदच केला, बॅगेतून पिवळ्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तो डावीकडून हवेत हळूहळू पुढे आणला. मामांना तो दिसला तेव्हा जवळजवळ नाकासमोर होता.

"टीव्हीवर कसं दिसायचं मग?" मामांनी विचारलं. तक्रार करायची म्हणून नाही, खरंच कळून घ्यायचं म्हणून.

"टीव्ही लांब असतो काका. लांबचं चित्र लहान होतं, सगळं मधल्या नजरेत मावतं. बसमध्ये तुम्ही सारखी मान फिरवता. इथे गेम खेळताना सगळंच समोर आहे असं वाटून तुम्ही मान फिरवायची सोडलीत; आत्ता कडेने येईल म्हटल्यावर ती फिरली." तिने कागद काढला. "मी डॉक्टर नाही. पण मॉनिटरमध्ये दोष नाही, असं मला लिहावं लागेल. इथे सही करा. आणि डोळे दाखवा, उद्याच." दारात बूट घालताना ती बायकोला हळू आवाजात म्हणाली, "काकू, खरंच उद्याच."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मामांना आधी अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. मामांनी शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली आणि बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. डेपोतही दर दोन वर्षांनी हेच असायचं, तक्ता वाचला की शिक्का. मग त्यांना एका पांढऱ्या अर्धगोलापुढे हनुवटी टेकवून बसवलं. तिथेही मधली खूण आणि कडेचे ठिपके. फक्त हॉर्नच्या जागी बटण. बाहेर आलेल्या चित्रात मामांच्या नजरेच्या कडा काळ्याकुट्ट होत्या, आणि डावीकडचा काळोख तर मध्यापर्यंत सरकलेला.

"काचबिंदू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखत नाही, खुपत नाही, कडेने खात येतो. समोरचं शेवटपर्यंत छान दिसतं, म्हणून कळत नाही. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली टिकवायला थेंब देते, ते एक दिवसही चुकवायचे नाहीत."

"आणि बस?"

"बस नाही. रिक्षा नाही, मोटरसायकलही नाही." त्यांनी चिठ्ठी लिहून पाकिटात घातली. "हे डेपोत द्या."

मामांनी पाकीट हातात उलटंसुलटं केलं. "आणि नाही दिलं तर?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमची बस रिकामी असते का हो?"

घरी येताना मामांना एकेक गोष्ट उमगत गेली. फाटकाचा खांब कोणी सरकवला नव्हता. तो सायकलवाला खरंच केव्हापासून शेजारी होता. त्याचा चेहरा त्यांना आता स्पष्ट आठवत होता, आणि त्याला आपण काय काय बोललो तेही. एक वीतभर हुकला होता तो. मामा रस्त्यातल्या एका पायरीवर बसले. बायको शेजारी बसली. एरवी तोंडाचा पट्टा बंद न होणारी ती बाई एवढंच म्हणाली, "मी काही सांगणार नाही. तुमची बस, तुम्ही ठरवा." मामांना वाटलं, हिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी त्यांनी लेकीला कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून सांगितलं. दिवसभर मनात तेच चक्र. पुढची तपासणी चौदा महिन्यांनी, तीही तक्त्याचीच. मान अजून धडधाकट आहे. आणखी थोडी जास्त फिरवू. मोठे आरसे बसवून घेऊ. अडीच वर्षं काय, बघता बघता जातील. माणूस स्वतःला फसवायला बसला की किती हुशार होतो! थेंब घालून डोळे मिटून ते पडले आणि मिटल्या डोळ्यांपुढेही त्यांना रस्ताच दिसत होता.

सोमवारी पहाटे मात्र ते पाकीट घेऊनच गेले. हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. कंट्रोलर साहेब म्हणजे त्यांच्याच हाताखाली तयार झालेला ड्रायव्हर, परीक्षा देऊन वर चढलेला. त्याने चिठ्ठी वाचली, दार लावून घेतलं आणि कपाळ चोळलं.

"मामा, तीन जण रजेवर आहेत. दोघं आजारी. या आठवड्यात मी तुमच्या जागी कोणाला बसवू?" त्याने चिठ्ठी पुन्हा पाकिटात घातली आणि पाकीट मामांच्या पुढे सरकवलं. "हे मी आज पाहिलेलं नाही. शनिवारी आणून द्या. एकोणतीस वर्षांत तुम्हाला काही झालं नाही, पाच दिवसांत काय होतंय?"

खरं सांगायचं तर मामांना आनंद झाला. अगदी लहान मुलाला सुट्टी मिळाल्यावर होतो तसा. आपण प्रामाणिकपणे चिठ्ठी दिली, साहेबानेच परत केली, आता आपल्याकडे काय दोष? त्यांनी किल्ली उचलली, बसमध्ये चढले, सीट पुढे ओढली, आरसे लावले, इंजिन सुरू केलं. ती थरथर पायांतून वर आली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

समोरच्या भिंतीकडे बघत ते कंडक्टरची वाट बघू लागले. या कंडक्टरचं टोपणनाव सुट्टे, कारण अकरा वर्षं तो दिवसभर तेवढा एकच शब्द ओरडत आला होता. पाच मिनिटं झाली. मामांनी चिडून हाक मारली, "सुट्टे! कुठे उलथलास रे?"

"हा काय, इथे आहे की," डाव्या कोपराशी आवाज आला. सुट्टे डाव्या दाराने चढून, तिकिटांची पेटी मांडून, मामांच्या शेजारी दांड्याला टेकून उभा होता. "केव्हाचा उभा आहे. तुम्ही समोर बघत बसलात, म्हटलं विचारात आहेत, बोलू नये."

मामांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. सहा फुटांचा माणूस. हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. त्यांनी इंजिन बंद केलं.

साहेबाच्या खोलीत त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, किल्लीवर पाकीट ठेवलं.

"मामा, तुम्हाला सांगितलं ना..."

"शनिवारपर्यंत डावीकडून कोणी येणार नाही, असं लिहून देतोस का?" मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "देत असशील तर चालवतो. मला चालवायचीच आहे रे. तुझ्यापेक्षा जास्त मला चालवायची आहे."

साहेब लालबुंद झाला. मग उठला, कोट काढून खुर्चीला अडकवला, किल्ली उचलली आणि स्वतःच बस काढायला गेला. जाताना वाकून मामांच्या पायांना हात लावून गेला. मामांना ते नको होतं, पण नको म्हणेपर्यंत तो दाराबाहेर गेला होता.

सव्वासात वाजता मामा घरी आले. या वेळेला ते युनिफॉर्ममध्ये दारात उभे आहेत, असं बायकोने आजवर पाहिलं नव्हतं. तिने मशीन थांबवलं.

"देऊन आलो," मामा म्हणाले आणि कोचावर बसले. समोर भिंतीवर जुन्या टीव्हीच्या जागी चौकोनी डाग होता. "टीव्ही घेऊन टाकू. तुझंच बरोबर होतं. इथून लांबून बघितलं की मला सगळं मावतं."

हे एक वाक्य ऐकायला तिने काय कमी डोकेफोड केली होती! भांडली होती, अबोला धरला होता, काळ्या दोऱ्याच्या रिळी नाकापुढे नाचवल्या होत्या. ते वाक्य आज आपण होऊन आलं आणि तिला रडू कोसळलं. मांडीवरची पँट डोळ्यांना लावून ती म्हणाली, "नको मला टीव्ही. तुमचा तो रुंदच राहू दे. मी डावीकडे बसेन आणि कोण येतंय ते सांगत जाईन."

"तू सांगणार?" मामा म्हणाले. "अगं, तू एकदा बोलायला लागलीस की आधी मलाच ठोकशील." ते हसायला गेले आणि त्यांना हसता आलं नाही. तोंड वेडंवाकडं झालं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते ढसाढसा रडले, आवाज करून, शेजारच्यांना ऐकू जाईल याची पर्वा न करता. ती उठून शेजारी बसली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. एक गिऱ्हाईक दारापर्यंत आलं आणि आत न येता परत गेलं.

बऱ्याच वेळाने मामांनी बाहीने नाक पुसलं आणि भिंतीकडे पाहिलं.

"पासष्ट इंची घेऊ," ते म्हणाले.